धुळाची घरगुती वेबसाइट

एका गावात एक भोळा जावई होता. गावाचं नाव मी सांगत नाही, कारण गावाने तशी विनंती केली आहे. जावयाचं नाव धुळा. ते सांगायला हरकत नाही, त्याला कशाचंच काही वाटत नाही.

धुळा सासरीच राहायचा. माणूस कष्टाळू, निर्व्यसनी, स्वभावाने गरीब गाय. खोड एकच. सांगितलेलं ऐकायचा. लोक ऐकत नाहीत म्हणून जग बिघडलं असं म्हणतात, पण तसं म्हणणाऱ्यांच्या घरी धुळा राहायला गेलेला नाही. एकदा सासऱ्याने सांगितलं, माळावरची मेंढरं मोजून ये. धुळा गेला, मोजून आला. म्हणाला, एक्काहत्तर. सासऱ्याने विचारलं, मेंढरं कुठं आहेत? धुळा म्हणाला, माळावर. तिथंच तर मोजली.

सासऱ्याचं नाव सिदाप्पा. सिदाप्पा घोंगडी विणायचा. घरात जमिनीत कमरेएवढा खड्डा, खड्ड्यात पाय सोडून बसायचं आणि समोरच्या मागावर काळ्या लोकरीची घोंगडी विणायची. गावात पूर्वी असे चाळीस माग होते. आता हा एकच उरला होता. सिदाप्पाची नजर मंदावली होती आणि गिऱ्हाईक त्याहून मंदावलं होतं. विणायचं काम आता त्याची मुलगी तुळसा करायची. म्हणजे धुळाची बायको. ती त्या खड्ड्याच्या कडेला रांगत मोठी झाली होती. तिच्या हातची घोंगडी पावसात अंगावर घेतली तर आत थेंब येत नसे.

पण घ्यायला कोणी येत नव्हतं. शेवटी एक दिवस सिदाप्पा म्हणाला की बिरोबाच्या जत्रेपर्यंत वाट बघतो. तोवर दहा घोंगड्या विकत नेणारी दहा माणसं मिळाली तर माग तुळसाच्या नावाचा. नाही मिळाली तर खड्डा बुजवतो आणि वर फरशी घालतो.

 त्या दिवशी तुळसाच्या सगळ्या भाकरी करपल्या. तिला फार वाईट वाटलं होतं, आणि ते कुणाला सांगावं हे तिला कळत नव्हतं. नवऱ्याला सांगण्यात अर्थ नव्हता. तो ऐकायचा.

तालुक्याला रेश्मा मुजावर नावाची मुलगी होती. तिचं कॉम्प्युटरचं दुकान होतं आणि ती लोकांना वेबसाइट करून द्यायची. तुळसाने ठरवलं, आपली पण करायची. स्वतः जावं तर माग थांबतो. वडिलांना पाठवावं तर त्यांना एसटीची पाटी दिसत नाही. उरला धुळा. अशा उरण्यातूनच जगातली मोठमोठी कामं अयोग्य माणसांच्या हातात जातात.

धुळा रेश्माकडे गेला. म्हणाला, वेबसाइट पाहिजे, सगळी नवी कोरी पाहिजे, वापरलेली नको. रेश्मा हुशार पोरगी. तिने त्याला चहा दिला आणि समजावलं, की मामा, वेबसाइटमध्ये सगळंच आपण नव्याने करत बसायचं नसतं. पैसे घ्यायची सोय, रस्ता दाखवणारा नकाशा, पार्सल कुठवर पोचलं ते सांगणारी सोय, हे लोकांनी आधीच चांगलं करून ठेवलेलं आहे. ते आणून जोडायचं.

"ध्यानात ठेवा मामा," ती म्हणाली. "बाजारात तयार मिळतंय ते घरी करत बसायचं नाही. आता फक्त घोंगडीची चार ओळी माहिती लिहून पाठवा."

"कळलं," धुळा म्हणाला. "तसंच करतो."

आणि केलं.

घरी येऊन तो कागद-पेन घेऊन बसला. चार ओळी लिहायच्या म्हणजे फार कष्ट. मग त्याला आठवलं की तयार मिळतंय ते घरी करायचं नाही. कोपऱ्यात खताची पोती होती. पोत्यावर माहिती छापलेली होती, शुद्ध भाषेत, ठळक अक्षरात. धुळाने ती उतरवली, जिथे खताचं नाव होतं तिथे घोंगडी लिहिलं आणि रेश्माच्या दुकानात नेऊन दिली. रेश्मा त्या दिवशी लग्नाला गेली होती. दुकानातल्या माणसाने कागद जसाच्या तसा चढवला.

तेव्हा वेबसाइटवर असं आलं: आमची घोंगडी सर्व पिकांना उपयुक्त. एकरी दोन घोंगड्या समप्रमाणात पसराव्यात. पाऊस येण्याची शक्यता असल्यास वापरू नये. लहान मुलांच्या हाती लागू देऊ नये.

पहिला फोन एका द्राक्षबागायतदाराचा आला. घोंगडी छाटणीआधी टाकायची की छाटणीनंतर? धुळा म्हणाला, थांबा, घरात विचारून सांगतो.

घरात विचारायला गेला तेव्हा तुळसा नव्हती. ती पाण्याला गेली होती. जाताना धुळासाठी निरोप ठेवून गेली होती, की चिंचोके भिजलेत, तेवढे वाटून शिजवा आणि खळ करून ताण्याला लावा. ताणा म्हणजे मागावर चढवायचे उभे धागे. त्यांना चिंचोक्याची खळ लावली की धागा ताठ होतो आणि विणताना तुटत नाही. हे काम दोन तासांचं आणि फार घाणेरडं. धुळाने चिंचोक्यांकडे बघितलं. मग तो उठला, सुताराच्या दुकानात गेला आणि लाकूड चिकटवायच्या तयार गोंदाचा डबा घेऊन आला.

तुळसा परतली तेव्हा ताणा ताठ झाला होता. इतका ताठ, की मागावरून काढून भिंतीला टेकवला तर उभा राहिला. सिदाप्पाने त्याच्यावर टिचकी मारली. टक असा आवाज आला. चार दिवस कातलेली लोकर होती ती. पुढे तिचा गोठ्याच्या दाराला झापा केला, चांगला झाला, पण घोंगडीची लोकर गेली ती गेलीच.

दुसऱ्या दिवशी तुळसाने रेश्माला फोन करून सगळं सांगितलं. रेश्माने आधी स्वतःच्या दुकानातल्या माणसाला झाडलं. मग धुळाला बोलावलं आणि शांतपणे सांगितलं, की तयार आणायचं ते सगळ्यांकडे सारखं असतं तेवढंच. तुमच्या घोंगडीची गोष्ट दुसऱ्या कुणाच्या पोत्यावर सापडणार नाही.

"जे फक्त आपलं असतंय, दुसऱ्या कुणाचं नसतंय," ती म्हणाली, "ते आपणच करायचं. वेळ लागला तरी चालंल."

"आत्ता कळलं," धुळा म्हणाला. "पुढच्या खेपेला तसंच करतो."

माहिती मग तुळसाने सांगितली आणि रेश्माने लिहून घेतली. फोनवर तासभर तुळसा बोलत होती. लोकर कुठली, मेंढरू काळंच का, पहिल्या कातरणीची लोकर मऊ का असते, आजी कशी शिकवायची. कुणी तिला हे आजवर विचारलंच नव्हतं. ती माहिती वेबसाइटवर चढली आणि आठवड्यात चार घोंगड्यांची मागणी आली. सिदाप्पाने मागणीगणिक एक अशा चार काड्या कोनाड्यात ठेवल्या.

आता इतकं सुरळीत चाललं होतं, की रेश्माने धुळाला एक सोपं काम दिलं. घरासमोर उभं राहा, फोनवरचा तयार नकाशा उघडा आणि आपण उभे आहोत ती जागा मला पाठवा. लहान मूल करतं हे काम.

धुळा घरासमोर उभा राहिला. विचार करू लागला. आपल्या घराचा रस्ता सगळ्यांच्या घराकडे जातो का? नाही जात. तो फक्त आपल्याच घराकडे येतो. म्हणजे तो फक्त आपला. फक्त आपलं असतं ते आपणच करायचं, वेळ लागला तरी.

वेळ लागला. दोन दिवस खपून त्याने वहीच्या कागदावर नकाशा काढला. अक्षर सुरेख, बाण लाल शाईने. या वेळी कागद दुकानात द्यायची गरज पडली नाही, कारण फोटो काढून वेबसाइटवर कसा टाकायचा ते रेश्माने त्याला शिकवलं होतं. शिकवणाऱ्याचं नेहमी असंच होतं. नकाशात लिहिलं होतं: हमरस्ता सोडा. पुढे जिथे शिवबा खरमाट्याची काळी शेळी बांधलेली दिसेल तिथून डावीकडे वळा.

पुण्याहून एक गृहस्थ आले. नाव निरगुडकर, बँकेतून निवृत्त झालेले, फार पद्धतशीर माणूस. घोंगडी हाताने चाचपल्याशिवाय घ्यायची नाही म्हणून गाडी काढून आले होते. हमरस्ता सोडला, शेळी शोधू लागले. शेळी नव्हती. त्यांनी एकाला विचारलं, इथे शिवबा खरमाट्यांची काळी शेळी कुठे असते? तो म्हणाला, ती तर काल बाजारात गेली. निरगुडकर बाजाराच्या गावी गेले. तिथे कळलं की शेळी विकली गेली. कुणाला, तेही कळलं. संध्याकाळी पाच वाजता, चाळीस मैलांवरच्या एका वस्तीवर, निरगुडकर त्या शेळीसमोर पोचले. आणि नकाशात म्हटल्याप्रमाणे डावीकडे वळले. डावीकडे विहीर होती. गाडी वेळेत थांबली हे आपलं सगळ्यांचं नशीब.

तिथून त्यांनी फोन केला. तुळसाने माफी मागितली, वाट सांगितली, दिवेलागणीला ते पोचले तेव्हा त्यांना पिठलं-भाकरी वाढली. निरगुडकरांनी घोंगडी चाचपली आणि एक विणायला सांगून गेले. जत्रेला न्यायला येतो म्हणाले. ही पाचवी काडी.

रेश्माने तयार नकाशा जोडला आणि धुळाला पुन्हा बोलावलं. या वेळी चहा दिला नाही. म्हणाली, मामा, रस्ता तुमचा आहे, पण रस्ता दाखवणं हे तुमचं काम नाही. ते ज्यांचं रोजचं काम आहे त्यांच्याकडे द्यायचं.

"ज्याचा त्या कामात जन्म गेलाय त्याच्यावर सोपवायचं," ती म्हणाली, "आणि आपण मधे लुडबुडायचं न्हाय."

"आत्ता कळलं. पुढच्या खेपेला तसंच करतो."

मला विचाराल तर रेश्माने इथे त्याचा फोन काढून घ्यायला हवा होता. पण तिचाही स्वभाव शिकवण्याचा.

मागणी वाढली तसे वेबसाइटवर लोक प्रश्न विचारू लागले. प्रश्न धुळाच्या फोनवर यायचे. तुळसाने त्याला सांगितलं की प्रश्न आला की मला वाचून दाखवा, मी विणता विणता उत्तर देते. धुळाने मात्र मनाशी म्हटलं, लोकांच्या प्रश्नांना उत्तरं देण्यात कुणाचा जन्म गेलाय? तुळसाचा नाही. तिचा विणण्यात गेला. गावात असा माणूस एकच, हणमंतनाना. नाना तीस वर्षं कंडक्टर होते. तीस वर्षं लोकांनी त्यांना प्रश्नच विचारले होते आणि निवृत्त झाल्यापासून एकानेही विचारला नव्हता, त्यामुळे नाना खंगत चालले होते. धुळाने फोन त्यांच्या हातात दिला आणि मधे लुडबुड केली नाही.

नाना ताठ बसले. चष्मा लावला.

एकाने विचारलं होतं, माझी घोंगडी कधी मिळेल? नानांनी उत्तर दिलं, ही भरलीय, मागून रिकामी येतीय, तिच्यात बघा.

एका बाईंनी विचारलं, जरा मोठ्या मापात मिळेल का, आम्ही तिघं आहोत. नानांनी लिहिलं, सरकून बसा.

एकाने विचारलं, रंग काळाच का? उत्तर आलं, आधी पाटी वाचायची, मग चढायचं.

आणि एक जण म्हणाला की मला नको, माझी मागणी रद्द करा. त्याला नानांनी लिहिलं, मधे उतरता येणार नाही, स्टँडवरच उतरा. तो माणूस घाबरला आणि त्याने मागणी तशीच ठेवली. हे एक बरं झालं.

इकडे तुळसाला संशय आला, कारण दोन दिवसांत एकही प्रश्न कानावर पडला नव्हता. तिने रेश्माला विचारून आपल्या फोनवर प्रश्न उघडले आणि स्वतः उत्तरं द्यायला लागली. आता प्रत्येक गिऱ्हाइकाला दोन उत्तरं जायची. तुळसा लिहायची, ताई, मोठी करून देते. खाली नाना लिहायचे, दारात उभं राहू नका. लोक गोंधळले. दोन बायकांनी तर घोंगडी कुठल्या स्टँडवर घ्यायची असं विचारलं.

रेश्मा स्वतः गावात आली. तिने हणमंतनानांकडून फोन घेऊन धुळाला परत दिला. नाना नाराज झाले, पण घंटी वाजल्यावर उतरायची सवय असल्यामुळे वाद घातला नाही. मग तिने धुळाला समोर बसवलं. सिदाप्पा पण बसला, तुळसा खड्ड्यातून ऐकत होती. रेश्मा म्हणाली, आता शेवटचं सांगते, यात सगळं आलं. एका कामाला दोन सोयी ठेवायच्या नाहीत, एक चालू झाली की दुसरी बंद करायची. आणि घरचं काय, बाहेरचं काय, याची खूण एकच.

"गिऱ्हाईक ज्याच्यापायी आपल्याकडं येतंय," ती म्हणाली, "ते आपल्या हातानं करायचं. बाकी सगळं बाहेरनं आणलं तरी चालतंय."

खरं सांगायचं तर याहून शहाणं वाक्य मी ऐकलेलं नाही. शहरात मोठमोठ्या कंपन्यांचे साहेब हेच ठरवायला महिनाभर बैठका घेतात. धुळाला ते दोन मिनिटांत पाठ झालं.

"आत्ता कळलं," तो म्हणाला.

जत्रा जवळ आली. काड्या वाढत गेल्या. सात झाल्या, आठ झाल्या. तुळसा जेवणापुरती खड्ड्यातून बाहेर यायची. जत्रेच्या दोन दिवस आधी दहावी मागणी आली आणि आदल्या दिवशी सकाळी दहावी घोंगडी मागावरून उतरली. दहाच्या दहा माणसांनी कळवलं की जत्रेच्या दिवशी येऊन घेऊन जातो. सिदाप्पाने दहा घोंगड्या घडी करून पेटीवर रचल्या, त्यांच्यावरून हात फिरवला, आणि लेकीला म्हणाला की उद्या ह्या दहा दाराबाहेर पडल्या की खड्डा बुजवायचं नाव काढत नाही. तुळसाला रडू येत होतं, पण अजून एक दिवस होता म्हणून तिने ते राखून ठेवलं.

बाप-लेक नैवेद्य घेऊन देवाला निघाले. दुसऱ्या दिवशी दुपारी परत येणार होते. धुळाला एकच काम सांगितलं. माणूस आला की एक घोंगडी द्यायची. हे काम चुकवायचं तर डोकं लागतं, म्हणून तुळसा निर्धास्त गेली.

ती वाटेला लागली आणि धुळाला एकामागून एक फोन यायला लागले. पहिले निरगुडकर. उद्या येतोय म्हणाले. धुळाने विचारलं, काय बघून येताय? निरगुडकर म्हणाले, अहो, तुमची वेबसाइट बघूनच तर आलो होतो. मग बार्शीच्या जोगळेकरबाईंचा फोन आला. त्या शाळेत शिकवायच्या. धुळाने त्यांनाही विचारलं. त्या म्हणाल्या, वेबसाइट बघून. सांगोल्याचे डॉक्टर, वेबसाइट बघून. इचलकरंजीचे एक यंत्रमागवाले, वेबसाइट बघून. धुळाने उरलेल्या सहा जणांना आपणहून फोन लावले. दहाही जणांचं उत्तर एकच.

धुळाने बोटांवर हिशेब केला. म्हणजे गिऱ्हाईक येतं ते वेबसाइटपायी. आणि वेबसाइट तर आपण बाहेरून करून घेतली. आणि घोंगड्या, ज्या बाहेर कुठेही मिळतात, त्या इतके दिवस घरी हाताने करत बसलो. सगळंच उलटं झालं होतं, आणि जत्रा उद्यावर आली होती.

दुसरा कुणी असता तर रडला असता. धुळा कामाला लागला.

त्याने रेश्माला फोन करून विचारलं, वेबसाइटला पानं किती? ती म्हणाली, दहा. धुळाने पेटीकडे बघितलं. तिथे बरोबर दहा होत्या. त्याने दाभण घेतला, सुतळी घेतली आणि दहा घोंगड्या कडेला कडा लावून एकमेकींना शिवल्या. मग बादलीत चुना कालवला, केरसुणीचा कुंचा केला आणि एकेका घोंगडीवर ठसठशीत अक्षरात लिहीत गेला. मुख्य पान. आमच्याविषयी. घोंगडी कशी विणतात. मापं. फोटो. लोकांची मतं. यायचा रस्ता. नेहमीचे प्रश्न. विकत घ्या. संपर्क. फोटोच्या पानावर त्याने मेंढरू काढलं. संपर्काच्या पानावर आपला नंबर लिहिला. सगळी वेबसाइट दारातल्या कडुलिंबापासून गोठ्यापर्यंत दोरीवर लावली. नव्वद हात भरली.

मग तो जत्रेला जाताना गावात उतरलेल्या एका कापडवाल्याकडे गेला आणि सासऱ्याच्या ओळखीवर दहा गिरणीच्या ब्लँकेटा घेऊन आला. प्रत्येकीवर एक मोठा गुलाब होता. राहता राहिलं एक. एका कामाला दोन सोयी ठेवायच्या नाहीत. घरची वेबसाइट चालू झाली होती, म्हणून त्याने फोन उघडला आणि रेश्माने शिकवलं होतं तसं बाहेरची वेबसाइट बंद केली. मग हातपाय धुऊन जेवला.

दुसऱ्या दिवशी दहा जण आले. धुळाने त्यांना लिंबापाशी उभं केलं आणि एकेक पान वाचायला लावत पुढे नेलं. विकत घ्या या पानावर प्रत्येकाला बोटाने दाबायला लावलं. दाबलं की तो घरात जायचा आणि गुलाबाची ब्लँकेट आणून हातात द्यायचा. जोगळेकरबाई म्हणाल्या, मी घोंगडी मागवली होती. धुळाने त्यांना समजावलं की बाई, पांघरूण काय, कुठंही मिळतं. वेबसाइट बघा, हातची आहे.

निरगुडकर मात्र मुख्य पानाला हात लावून उभे होते. त्यांनी ते पुढून चाचपलं, मागून चाचपलं, नाकाशी धरलं.

"मला ब्लँकेट नको," ते म्हणाले. "मला हे मुख्य पान द्या."

तेवढ्यात सिदाप्पा आणि तुळसा परत आली. दारात दहा अनोळखी माणसं, त्यांच्या काखेत दहा गुलाब, आणि दोरीवर नव्वद हात चुना. सिदाप्पा नजर मंद असल्यामुळे जवळ गेला आणि त्याने सगळी वेबसाइट पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली.  धुळा पुढे झाला आणि म्हणाला, मामा, या खेपेला एक चूक न्हाय.

तुळसा मटकन ओट्यावर बसली. सहा आठवडे ती त्या खड्ड्यात होती. मग उठली, कात्री आणली आणि शिवण उसवायला लागली. चुना झटकला, घासला, धुतला. लोकरीने तो असा धरला होता की निघेना. तिने मान खाली घालून पाहुण्यांना सांगितलं की ह्या घेऊ नका, मी सगळ्यांना नव्या विणून देते, फक्त थांबा. पण थांबायला कुणी तयार नव्हतं. घोंगडी हाताला लागल्यावर माणूस ती खाली ठेवत नाही. डॉक्टर म्हणाले, चुना तर चुना. निरगुडकरांनी मुख्य पान घडी करून आधीच गाडीत टाकलं होतं. बाईंनी विकत घ्या उचललं, यंत्रमागवाल्यांनी संपर्क. यायचा रस्ता आणि लोकांची मतं यांच्यावरून दोघांत थोडी बाचाबाची झाली. संध्याकाळपर्यंत दहाच्या दहा दाराबाहेर पडल्या. ब्लँकेटा कापडवाल्याला परत गेल्या.

सिदाप्पाने कोनाड्यातल्या काड्या चुलीत टाकल्या. मग खड्ड्याच्या कडेला येऊन बसला.

"तुळसे," तो म्हणाला, "उद्या ताणा लाव."

मग तुळसाने राखून ठेवलेलं रडू एकदाचं काढलं. रडता रडता नवऱ्याला चहा पण करून दिला. त्याला का दिला ते तिलाही सांगता आलं नसतं.

पुढे आठ दिवस एकही नवी मागणी आली नाही. तुळसाला वाटलं, जत्रेनंतर लोक दमले असतील. नवव्या दिवशी धुळाच्या फोनवर एका गृहस्थांचा फोन आला. ते म्हणाले, आम्ही इचलकरंजीला पाहुण्यांकडे गेलो होतो, तिथे घोंगडीवर चुन्याने हा नंबर लिहिलेला पाहिला. फार सुंदर घोंगडी आहे. आम्हाला वीस हव्या आहेत. पण तुमची वेबसाइट शोधतोय, ती काही केल्या उघडत नाही.

"एका पानानं कशी उघडंल, साहेब," धुळा म्हणाला. "तुम्ही बघितलं ते शेवटचं पान. मुख्य पान हाय पुण्याला, निरगुडकरांच्या घरी. आधी तिथनं सुरुवात करा. मापं सांगोल्याच्या डॉक्टरांकडं बघायला मिळतील. आणि वीस घ्यायच्या असल्या तर विकत घ्या ह्या पानावर जावं लागतंय, ते बार्शीला जोगळेकरबाईंच्या पलंगावर हाय. शाळा सुटल्यावर जा, वीस वेळा दाबा, आन मग मला कळवा."